महामारीच्या काळातील परिचर्या विद्यार्थिनी आणि गृहभेटीचे शिक्षण

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्या वर्षी १२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण होत होती. प्रत्यक्षात ते वर्ष कोविड-१९ च्या महामारीचे ठरले. रुग्णालयांत अहोरात्र राबणाऱ्या परिचारिकांविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु आमच्या धर्मग्रामांतील ज्या मुली त्या वेळी परिचर्येचे शिक्षण घेत होत्या, त्यांच्या शिक्षणाचा जो भाग रुग्णालयाबाहेर, लोकांच्या घरी पार पडतो, त्याचे काय झाले याकडे फारसे लक्ष गेले नाही. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके डोळ्यांसमोर ठेवून तो विषय समजावून घेण्याचा येथे प्रयत्न करीत आहोत.

क्षेत्रकार्य म्हणजे काय?

आपल्या देशात परिचर्येचे शिक्षण प्रामुख्याने तीन प्रकारे मिळते: दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम आणि चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग. या तिन्हींत समुदाय आरोग्य परिचर्या हा विषय अनिवार्य असतो. त्यासाठी विद्यार्थिनींच्या तुकड्या काही आठवडे एखाद्या वस्तीत वा ग्रामीण भागात जातात. प्रत्येकीकडे काही कुटुंबे सोपविली जातात. त्या कुटुंबात माणसे किती, गरोदर स्त्री आहे काय, बाळाचे लसीकरण झाले आहे काय, पाणी कोठून येते, शौचालय आहे काय, कोणाचा खोकला बरेच दिवस हटत नाही काय, याची नोंद ती घेते. अंगणवाडीत मुलांची वजने करते, रक्तदाब तपासते, मीठ-साखर-पाणी कसे द्यावे हे करून दाखविते.

या गृहभेटीची एक ठरलेली शिस्त आहे. विद्यार्थिनीच्या खांद्यावर एक पिशवी असते. घरात गेल्यावर स्वच्छ जागा पाहून वर्तमानपत्राचा कागद अंथरायचा, त्यावर पिशवी ठेवायची, प्रथम साबण काढून हात धुवायचे, मग लागेल तेवढेच साहित्य बाहेर काढायचे, काम संपल्यावर साहित्य स्वच्छ करून पुन्हा हात धुवायचे. एका घरातील रोगजंतू दुसऱ्या घरात जाऊ नयेत, हा यामागील हेतू. २०२० साली साऱ्या जगाला हात धुण्याचा पाठ गिरवावा लागला. परिचर्येच्या विद्यार्थिनींना तो पूर्वीपासूनच शिकविला जात होता.

या पिशवीत न मावणारी एक गोष्ट मात्र अधिक महत्त्वाची असते. ती म्हणजे अनोळखी घराच्या उंबऱ्याशी थांबून, घरच्यांनी आत बोलाविण्याइतका विश्वास संपादन करणे. हे पुस्तकातून शिकता येत नाही.

कर्जत-खालापूरची वाट

मुंबई-पुणे रेल्वेमार्गावरून जाणाऱ्यांना कर्जत ओळखीचे आहे, तेथून खोपोलीला जाणारा फाटाही परिचयाचा आहे. परंतु रेल्वेपासून दूर, माथेरानच्या व भीमाशंकरच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजाच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे व चौक येथील ग्रामीण रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांखालील उपकेंद्रे अशी शासकीय व्यवस्था या भागात आहे. डोंगराळ व आदिवासी भागात साधारण तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. कागदावर हा आकडा लहान दिसतो. पण ही तीन हजार माणसे टेकड्यांवर आणि ओढ्यांपलीकडे विखुरलेली असतात. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत वाहन जाईल असा रस्ताच नव्हता. मदतपथकांना भर पावसात पायवाटेने चढून जावे लागले. अशा वाडीतील गरोदर स्त्रीला तपासणीसाठी खाली उतरावे लागते, किंवा परिचारिकेला वर चढावे लागते.

कातकरी कुटुंबांची आणखी एक अडचण असते. शेतीची कामे आटोपली की यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर वा कोळसाभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. नोंदवहीत नाव वाडीचे आणि माणूस भट्टीवर, अशी स्थिती असते. बाळाला लसीची पहिली मात्रा एके ठिकाणी मिळते आणि पुढची मात्रा राहूनच जाते.

टाळेबंदी आणि अर्धवट राहिलेले शिक्षण

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. परिचर्या विद्यालये व वसतिगृहे बंद झाली, मुली घरी परतल्या, वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. शरीररचना पडद्यावर शिकविता येते. गृहभेट कशी शिकविणार? ज्या मुलींचे क्षेत्रकार्य त्या वर्षी ठरले होते, त्यांतील अनेकींना ते पुढे ढकलावे लागले वा आपल्याच परिसरातील कुटुंबांवर भागवावे लागले. वाड्यांवरची मुले तर त्या पडद्यापासूनही दूर होती. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्याला तडाखा दिला. अंतर राखण्याचा उपदेश ऐकलेल्या कुटुंबांना छपरे उडाल्यावर दुसऱ्याच्या घरात वा शाळेत एकत्र आसरा घ्यावा लागला.

पुढे १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२० या काळात महाराष्ट्र शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राबविली. एक आरोग्य कर्मचारी व दोन स्वयंसेवक असे पथक घरोघरी जाऊन तापमान व प्राणवायूची पातळी मोजत असे आणि मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांची विचारपूस करीत असे. वस्तुतः ही गृहभेटच होती. परिचर्या विद्यालये शांतपणे जे शिकवीत आली, त्याचीच संकटकाळी सर्वांत अधिक गरज पडली. त्याच दिवसांत, ३ ऑक्टोबर २०२० रोजी, पोप फ्रान्सिस यांनी ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकावर असिसी येथे स्वाक्षरी केली. दिवंगत पोप महोदयांनी त्याचे दुसरे प्रकरण दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्यावर आधारले आहे.

बंद दारे

ज्या विद्यार्थिनी त्या काळात वस्त्यांवर गेल्या, त्यांच्याशी बोलताना एक अनुभव वारंवार ऐकावयास मिळतो. एरवी ताक पुढे करणारे घर त्या वेळी दार लावून घेत होते. लोकांना आजाराइतकीच तपासणीचीही धास्ती होती. ताप निघाला तर उचलून नेतील, मग माणूस परत येणार नाही, असे भय मनात बसले होते. मुखपट्टीमुळे मुलींचा चेहरा दिसेना, संरक्षक पोशाख पाहून लहान मुले रडू लागत. लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले, तेव्हा या भीतीत अफवांची भर पडली. नोंदणी मोबाइलवर करायची आणि वाडीत संपर्क मिळत नाही, ही अडचण निराळीच.

अशा वेळी दार उघडले ते बहुधा ओळखीच्या माणसामुळे. आशा स्वयंसेविका किंवा अंगणवाडी सेविका सोबत असली, तिच्या बोलीत दोन शब्द झाले, प्रथम म्हाताऱ्या आजीच्या गुडघ्याची चौकशी झाली आणि मग लसीचा विषय निघाला, तर माणसे ऐकत. विश्वास महामारीच्या दिवशी निर्माण करता येत नाही. तो आधीच्या अनेक भेटींतून साठलेला असावा लागतो. या मुलींनी त्या वर्षी शिकलेला हा सर्वांत मोठा धडा होय.

पालकांची चिंता

येथे पालकांची बाजूही मांडली पाहिजे. शिकण्यासाठी पाठविलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी संसर्गाच्या तोंडी का द्यावी, हा त्यांचा प्रश्न मुळीच अवाजवी नव्हता. ३ मे २०२१ रोजी केंद्र शासनाने अंतिम परीक्षेच्या प्रतीक्षेत असलेल्या बी.एस्सी. व जीएनएम विद्यार्थ्यांना कोविड सेवेत घेण्यास अनुमती दिली, तेव्हा ज्येष्ठ परिचारिकांची देखरेख, लस व विम्याचे संरक्षण यांचा त्यात समावेश केला आणि शंभर दिवस सेवा करणाऱ्यांना शासकीय भरतीत प्राधान्य देण्याचे ठरविले. या अटींचे महत्त्व मोठे आहे. विद्यार्थिनी ही रिक्त पदाची भरपाई नव्हे. शिक्षिका सोबत नसताना, साधनांविना तिला वस्तीवर धाडणे म्हणजे सेवा नसून तिच्यावर अन्याय होय.

सेवेची किंमत आपल्या भूमीला ठाऊक आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ असताना सावित्रीबाई फुले यांनी पुत्र यशवंत यांच्यासह रुग्णांची शुश्रूषा केली, आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. ख्रिस्तसभेनेही सेवेला शिक्षणाची जोड आवश्यक मानली. धर्मभगिनींनी वैद्यकीय व प्रसूतिसेवेचे रीतसर शिक्षण घेण्यास १९३६ साली रोमहून स्पष्ट मोकळीक मिळाली. गुंटूर येथे सेवा करणाऱ्या डॉक्टर धर्मभगिनी मेरी ग्लोरी यांनी १९४३ साली आपल्या देशातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली. दयाळू मन हवेच. पण धुतलेले, शिकलेले हातही हवेत.

पुन्हा येण्याचे वचन

आमच्या अनेक कुटुंबांत परिचर्येकडे मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाची वा परदेशातील नोकरीची वाट म्हणून पाहिले जाते. त्यात गैर काही नाही. त्या वेतनावर घरे उभी राहिली आहेत. मात्र क्षेत्रकार्याचे आठवडे म्हणजे कशीबशी उरकण्याची शिक्षा, असे मुलींच्या मनावर घरातूनच बिंबविले जाऊ नये. धर्मग्रामांनाही येथे पुष्कळ करता येण्यासारखे आहे. जवळच्या वस्तीत येणाऱ्या विद्यार्थिनींना बसण्यास जागा, पिण्याचे पाणी, स्थानिक सेविकांशी ओळख आणि परतीच्या वाटेवर सोबत मिळाली, तरी त्यांचे काम हलके होते.

दाखल्यातील शोमरोनी माणसाने जखमा बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, खर्चासाठी दोन नाणी दिली, एवढे आपण सारे जाणतो. त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला परतण्याचे वचनही दिले होते, हे मात्र सहज विसरतो. परिचर्येच्या भाषेत ती पाठपुराव्याची भेट होय. पहिल्या भेटीत दार किलकिले होते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत घर उघडते. पुढचे संकट केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर त्या दिवशी कोणाचे ऐकले जाईल, हे आजच्या भेटींवर अवलंबून आहे. या मुलींसाठी प्रार्थना करू या, आणि त्या वाटेवर त्यांना एकटे पडू देऊ नये.