रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत का संपत नाही?

दुकान बंद करताना हिशेबाच्या संगणकाचा बॅकअप लावून जायचे आणि सकाळी शटर उघडल्यावर तो निम्म्यावरच दिसायचा, हा अनुभव पुष्कळ व्यापारी बंधूंना येतो. गिऱ्हाईक दारात असते म्हणून तो तसाच थांबवला जातो. मग ज्या दिवशी डिस्क जाते, त्या दिवशी उधारीची खाती अर्धवट हाती लागतात. विक्रेता अशा वेळी नवा संगणक सुचवतो. त्याचा तो धंदाच आहे. पण पैसे घालण्यापूर्वी अडथळा कुठे आहे ते मोजून घ्यावे.

माहिती तीन टप्प्यांतून जाते: मूळ संगणकाची डिस्क, मधली केबल व स्विच, आणि साठवणुकीची डिस्क. यांत जो सर्वांत मंद, त्याच्याच वेगाने सारे काम चालते.

प्रथम मधला टप्पा तपासावा. आयपर्फ हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर दोन्ही संगणकांवर घालून चालवले की नुसत्या नेटवर्कचा वेग कळतो. डिस्कचा त्यात संबंध येत नाही. गिगाबिट जोडणीवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला तर नेटवर्क ठीक. तो ९५ च्या आत अडकला तर जोडणी १०० वर उतरली आहे असे समजावे. जुना स्विच किंवा केबलमधली तुटलेली तार हे त्याचे नेहमीचे कारण. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. म्हणून तार तुटली तरी काम चालू राहते आणि कोणाला पत्ता लागत नाही. फरक मात्र मोठा पडतो. आठ बिटांचा एक बाइट, या हिशेबाने १०० मेगाबिटवर सेकंदाला सुमारे ११ मेगाबाइट जातात. १०० गिगाबाइटला अडीच तास! डिस्क साथ देत असेल तर गिगाबिटवर हेच काम पाव तासात होते.

चाचणी बॅकअपच्या वेळीच घ्यावी. दुकानातले कॅमेरे त्याच स्विचवर असतील तर तेही वाटा खातात.

नेटवर्क निर्दोष निघाले तर एक मोठी फाइल आणि तेवढ्याच आकाराच्या हजारो छोट्या फायली वेगवेगळ्या पाठवून वेळ मोजावा. मोठी फाइलही रेंगाळली तर बहुधा डिस्क मंद आहे. फक्त छोट्या फायली रेंगाळल्या तर रोज सगळे न पाठवता बदललेल्याच फायली पाठवाव्यात.

आयपर्फची चाचणी उलट दिशेनेही घ्यावी. डिस्क गेल्यावर माहिती त्याच वाटेने परत आणायची असते.