कोणतं नवघर?

शनिवारी दुपारी तीन वाजता भाईंदर पूर्वेच्या आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत नऊ मुलं येतात. सातवी ते नववीतली. दोन लॅपटॉप, एक जुना मॉनिटर आणि चौकटीच्या वह्या, एवढंच सामान. आठवडाभर मी लोकांच्या वेबसाइट बांधते; शनिवारी या मुलांबरोबर आमच्या नवघरची वेबसाइट बांधतेय. गाव, मिठागरं, खाडी, शाळा, सगळी माहिती मुलंच गोळा करतात. अट एकच ठेवली आहे: ती माणसाला वाचता यावी आणि यंत्रालाही कळावी.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला चिठ्ठीवर नवघरबद्दल एक वाक्य लिहायला सांगितलं. नवघर हे गाव आहे. नवघर हा रोड आहे. नवघर म्हणजे पोलीस ठाणं. मग एकाने मोबाइलवर 'नवघर पोलीस ठाणे' शोधलं, तर समोर पत्ता आला मुलुंड पूर्वचा.

"ताई, हे आपलं नाही!"

खरंच नव्हतं. मुलुंडचं नवघर वेगळं. वसईला नवघर-माणिकपूर आहे, ते आता वसई-विरार महानगरपालिकेत. उरण तालुक्यात आणखी एक नवघर. बोलताना आपलं काही अडत नाही. भाईंदर स्टेशनबाहेर 'नवघर' म्हटलं तर रिक्षावाला उरणची वाट धरत नाही. तो इथे उभा आहे, आपणही इथे उभे आहोत. यंत्र कुठेच उभं नसतं. त्याच्यापुढे फक्त चार अक्षरं येतात.

या अडचणीवरचा उपाय जुना आहे. वर्ल्ड वाइड वेब घडवणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी २००१ साली दोन सहकाऱ्यांबरोबर 'सिमॅंटिक वेब'ची कल्पना लेखातून मांडली होती: पानावरच्या मजकुराला अर्थाची जोड द्यायची, म्हणजे यंत्रांना तो नुसता दिसणार नाही, वापरताही येईल. प्रत्यक्षात हे काम फार साध्या वाक्यांनी होतं. एक वस्तू, एक संबंध, दुसरी वस्तू. 'नवघर – हद्दीत आहे – मिरा-भाईंदर महानगरपालिका.' मराठीच्या तासाला कर्ता, कर्म, क्रियापद ओळखणाऱ्या मुलांना हे समजवायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. वेळ गेला तो वाक्यं खरी करण्यात. महानगरपालिका झाली २००२ मध्ये. त्याआधी १९८५ पासून इथे नगरपरिषद होती. मग वाक्याला तारीख जोडावी लागली: कधीपासून, कधीपर्यंत.

मला या कामाचं महत्त्व कळलं ते एका शब्दामुळे. काही वर्षांपूर्वी मी शालेय व्हिडिओंच्या एका वेबसाइटवर काम करत होते. दहावीतल्या एका मुलीने 'मुळे' असं शोधलं. तिला वर्गसमीकरणाची मुळे हवी होती. पडद्यावर आधी झाडाची मुळं आली, सोटमूळ आणि तंतुमूळ. त्याखाली 'प्रदूषणामुळे', 'गुरुत्वाकर्षणामुळे' अशी शीर्षकं असलेले डझनभर व्हिडिओ. बीजगणित कुठेच नाही. इंग्रजीसाठी बांधलेला शोध आम्ही मराठीवर चढवला होता आणि मराठीत 'मुळे' किती कामं करतं याचा विचारच कोणी केला नव्हता. मीही नाही. परीक्षा तोंडावर आलेली ती मुलगी तेव्हा वेबसाइट बंद करून निघून गेली असेल, हे मला अजून टोचतं. पुढे आम्ही प्रत्येक व्हिडिओला इयत्ता, विषय, प्रकरण आणि संकल्पना जोडली, प्रत्येक संकल्पनेला वेगळा क्रमांक दिला. गणितातल्या मुळांचा एक, वनस्पतीच्या मुळांचा दुसरा.

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मी मुलांना म्हणूनच उघडून दाखवते. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात व्हिडिओ नसतो, असतो फक्त एक छोटा संकेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' मंचावर तो संकेत पोचला की बोर्ड, माध्यम, इयत्ता, विषय अशा खुणांच्या आधाराने नेमका धडा सापडतो. आमच्या इमारतीत मराठी, गुजराती आणि हिंदी माध्यमाची मुलं शेजारी शेजारी राहतात. तिघांचं विज्ञान एकच, शब्द तीन. माध्यमाची खूण चुकली तर मराठी माध्यमातल्या मुलापुढे गुजराती धडा उघडेल.

आम्ही जास्त वेळ घालवतो तो विकिडेटावर. २०१२ साली सुरू झालेला हा खुला साठा कोणीही वापरावा, कोणीही त्यात भर घालावी. तिथे प्रत्येक गोष्टीला 'क्यू'पासून सुरू होणारा क्रमांक असतो आणि संबंधांना 'पी'चे: पी ३१ म्हणजे हे काय आहे, पी १३१ म्हणजे कोणत्या प्रशासकीय हद्दीत आहे. नावं सारखी असली तरी चालतात, पण एका भाषेत नाव आणि वर्णन दोन्ही सारखं असलेल्या दोन नोंदी तो साठा स्वीकारत नाही. हा नियम मुलांना फार आवडला. मराठीतून यादी मागवली आणि एखाद्या नोंदीचं मराठी नाव कोणी भरलेलं नसलं, की नावाच्या जागी नुसता क्यू आणि आकडे दिसतात. ते पाहून एका मुलाने विचारलं, "म्हणजे या गावाला नावच नाही?" नाव आहे रे, आपल्या माणसाने लिहिलेलं नाही.

मग भाईंदर, भायंदर, भाइंदर. मिरा आणि मीरा. कोणतं बरोबर यावर तासभर वाद झाला. शेवटी एक मुख्य नाव, बाकीची 'अन्य नावं' म्हणून भरली. 'आगर' शब्दाने वेगळीच अडचण केली. इथल्या आगरी कुटुंबातल्या मुलीला आगर म्हणजे मिठाचं. ज्याचं आजोळ रत्नागिरीला, त्याला नारळी-पोफळीचं. दोघंही बरोबर. दोन नोंदी, दोन वर्णनं.

आमच्या पानाच्या पोटात, वाचणाऱ्याला न दिसणारा कोडचा तुकडा असतो; हीच वाक्यं यंत्रासाठी तिथे लिहायची. एक स्वल्पविराम राहिला की सगळा तुकडा निकामी. गेल्या शनिवारी तपासणीत लाल रेघ आली आणि चूक काही केल्या सापडेना. अर्ध्या तासाने दिसलं की एकाने अक्षांश देवनागरी आकड्यांत '१९.३' असा भरला होता. कोडला अंक इंग्रजीच लागतात. बिचाऱ्याने मराठी पानावर मराठी आकडा लिहिला होता, त्याला मी चूक कशी म्हणू? दिसणाऱ्या मजकुरात त्याचा आकडा तसाच ठेवला, कोडमध्ये तेवढा बदलला.

पण अक्षांश-रेखांश नेमका कुठला द्यायचा? एक म्हणाला, नवघर रोडच्या मधोमध टाचणी लावा. आगरी मुलीने मान हलवली. तिच्या आजीच्या हिशेबात नवघर म्हणजे गावठाणातली जुनी घरं. बाकी सगळी खाजणं आणि मिठागरं होती, त्यांना कोणी नवघर म्हणत नसे. मुलांनी नकाशा मोठा केला, परत लहान केला. एकमत होईना.

"मी आजीला विचारून येते," ती म्हणाली. "तिला चालवत नाही, पण नकाशा दाखवला तर सांगेल."

तो रकाना रिकामा ठेवून आम्ही फाइल सेव्ह केली.