दोन मिनिटे चाळीस सेकंद

१६ डिसेंबर २०२३. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये बोर्नमथ आणि ल्युटन टाउन १-१ असे बरोबरीत होते. ५९व्या मिनिटाला ल्युटनचा कर्णधार टॉम लॉकियर कोसळला. कुणाचा धक्का नाही, टक्कर नाही. वय २९. डॉक्टर धावले, मैदानातच छाती दाबण्यात आली, विजेचा झटका देण्यात आला. आपले हृदय २ मिनिटे ४० सेकंद बंद होते, असे त्याने नंतर मुलाखतीत सांगितले. आठवडा उलटायच्या आत तो घरी परतला, छातीत कातडीखाली एक छोटे यंत्र बसवून. हृदय पुन्हा भरकटले तर हे यंत्र आतूनच झटका देते.

लॉकियर त्याच वर्षी मे महिन्यातही मैदानात पडला होता. तेव्हा हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली होती. उपचार झाले, खेळायची परवानगी मिळाली. डिसेंबरचा प्रकार मात्र वेगळा, थेट हृदय थांबण्याचा. आपण याला सरसकट ‘हार्ट अटॅक’ म्हणतो. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखतंय म्हणून सांगतो. हृदय थांबते तेव्हा माणूस काहीच सांगत नाही. काही सेकंदांत शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. छाती दाबली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

आपल्याकडे मैदानात कुणी पडला की आधी घोळका जमतो. मग पाणी शिंपडणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे. ‘श्वास चालू आहे’ असेही कुणीतरी सांगतो. इथेच घात होतो. हृदय थांबल्यावरही काही वेळ माणूस मधूनमधून आचके देतो, घोरल्यासारखा आवाज येतो. तो श्वास नव्हे.

गोव्यातल्या फुटबॉलप्रेमींना यावरून ५ डिसेंबर २००४ आठवेल. बंगळुरूत फेडरेशन कपचा अंतिम सामना, डेम्पो विरुद्ध मोहन बागान. डेम्पोचे दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्टियानो ज्युनियरचे. दुसऱ्या गोलच्या वेळी गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो पडला आणि वाचला नाही. वय अवघे २५. मैदानावरच्या वैद्यकीय व्यवस्थेवर तेव्हा बरीच टीका झाली. त्याच मोसमात डेम्पोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. क्लबने त्याची १० क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली.

अशा वेळी करायचे काम अवघड नाही, पण दमवणारे आहे. हाक मारूनही प्रतिसाद नाही, श्वास नेहमीसारखा नाही, एवढे पुरे. एकाने १०८ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, कोपर ताठ ठेवून, किमान पाच सेंटिमीटर खोल दाबावे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दोन मिनिटांत हात भरून येतात, तेव्हा माणूस बदला. बरगडी मोडेल ही भीती खरी आहे, मोडतेही. ती जुळते.

झटक्याचे यंत्र, म्हणजे ‘एईडी’, काय करायचे ते स्वतः बोलून सांगते. गरज नसेल तर झटका देतच नाही, त्यामुळे अननुभवी माणसालाही ते वापरता येते. ल्युटनचा तो मोसम वाईटच गेला. बोर्नमथविरुद्ध मार्चमध्ये सामना पुन्हा झाला, त्यात ३-० आघाडी घेऊनही ते ४-३ने हरले आणि अखेर १८वे येऊन खालच्या विभागात गेले. पण डिसेंबरच्या त्या दुपारी यंत्र वेळेत पोचले.

आपल्या गावच्या स्पर्धेत चषक, मांडव, लाउडस्पीकर यांची सोय महिनाभर आधी होते. यंदा आयोजकांना आणखी एक विचारा, एईडी आहे का? आणि असेल तर ते ठेवलेल्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे?