वाळूतील ठेव

पनवेल हे तळ्यांचे गाव आहे. वडाळे, कृष्णाळे, देवाळे ही तेथील तळ्यांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. तळे म्हटले की काठ आला, काठावर देऊळ आले, आणि पुष्कळदा देवळाच्या फरशीत कोरलेले दगडी कासवही आले. त्याला वंदन करूनच आपण गाभाऱ्याकडे वळतो. भगवद्गीतेने स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे; कारण ते आपले अवयव आत ओढून घेऊ शकते. परंतु दगडातील कासवापुढे हात जोडणारा माणूस जिवंत कासवाशी कसा वागतो?

याचे उत्तर पाहावयाचे असेल, तर पनवेलहून कर्नाळ्याची खिंड ओलांडून महामार्गाने दक्षिणेकडे जावे आणि सावित्री नदी सागराला मिळते त्या बाणकोटच्या खाडीपर्यंत पोहोचावे. खाडीच्या उत्तरेस रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर आहे, तर दक्षिणेस रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. आज मात्र ते सागरी कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते.

येथे येणाऱ्या कासवांना 'ऑलिव्ह रिडले' असे नाव आहे. त्यांची पाठ हिरवट करड्या रंगाची असून लांबी दोन फुटांहून थोडी अधिक असते. पाय वल्ह्यांसारखे असतात, आणि तळ्यातील कासवाप्रमाणे मान व पाय कवचात ओढून घेणे त्यांना साधत नाही. सारे आयुष्य समुद्रात गेले, तरी अंडी घालण्यासाठी मादीला भूमीचाच आश्रय घ्यावा लागतो.

हिवाळ्याच्या दिवसांत रात्री ती भरतीच्या रेषेपलीकडे, कोरड्या पुळणीवर येते. मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, तळाशी घड्यासारखा रुंद खड्डा खणते आणि त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसते. ते दुःखाचे अश्रू नव्हेत. शरीरातील जास्तीचे मीठ ती अशा रीतीने बाहेर टाकीत असते. मग खड्डा बुजवून, वाळू अंगाने दाबून ती समुद्रात निघून जाते. पिलांची तिची पुन्हा भेट होत नाही. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस सूर्याची ऊब हीच त्यांची माता. या उबेवरच पिलू नर की मादी हेही ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात, थंड राहिली तर नर.

मादीने टाकलेली ही ठेव मात्र लपून राहत नाही. वाळूवर उमटलेला तिचा रुंद माग कोल्ह्याकुत्र्यांना दिसतो, तसाच माणसालाही दिसतो. पूर्वी या किनाऱ्यावर बहुतेक घरटी उकरली जात आणि अंडी खाल्ली वा विकली जात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. परंतु काळोख्या रात्री पुळणीवर पहारा कोण देणार?

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांची पाहणी करीत वेळासला आले असता त्यांना कासवाच्या अंड्यांची कवचे पडलेली आढळली. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी यांनी गावकऱ्यांना दोष देण्याऐवजी त्यांनाच या कामात सहभागी करून घेतले. पहाटे किनारा फिरून माग शोधावयाचा, अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवावयाची, आणि पिले निघेपर्यंत राखण करावयाची, असा क्रम सुरू झाला. ज्यांना घरट्याच्या खुणा ठाऊक होत्या, तेच आता घरट्याचे राखणदार झाले. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांना गावातील घरांतून राहावयास व जेवावयास मिळते, आणि राखलेल्या अंड्यांपासून गावाला मिळकतही होते.

पिले समुद्राकडे निघतात तो क्षण पाहण्यासारखा असतो. घरट्यावर झाकलेली टोपली उचलताच तळहातावर मावतील अशी काळसर पिले वळवळताना दिसतात. त्यांना लाटांपासून काही अंतरावर सोडतात. एखादे उलटते, सावरते, लाटेने मागे फेकले जाते आणि पुन्हा निघते. पाहणाऱ्याला वाटते, याला उचलून पाण्यात ठेवावे. परंतु कासवमित्र तसे करू देत नाहीत. जन्मभूमीची खूण पिलाच्या ठायी या पहिल्या प्रवासातच ठसते, असे शास्त्रज्ञांना वाटते. म्हणून पाहणाऱ्याने दोरीच्या अलीकडे उभे राहावे, गलका करू नये, विजेरी लावू नये. कारण पिले उजेडाच्या रोखाने चालतात व फसतात.

पुढचा मार्गही सोपा नसतो. हजारांतून एखादेच पिलू पूर्ण वाढीस लागते, असे मानले जाते. कासव हवेत श्वास घेते. त्यामुळे जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर ते गुदमरून मरते. याकरिता महाराष्ट्र शासनाने २०१८ पासून, जाळे कापून अशा संरक्षित प्राण्यांची सुटका करणाऱ्या कोळी बांधवांना भरपाई देण्याची योजना सुरू केली. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठविणारे यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव 'प्रथमा'. ओडिशातील गहिरमाथा येथे २०२१ साली खूण केलेली एक मादी तर २०२५ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली! एका किनाऱ्यावर राखलेला जीव दुसऱ्या किनाऱ्याचेही धन असतो, हे तिने दाखवून दिले.

दगडी कासव आपल्याला संयम शिकविते. समुद्रातील कासवाला आपले अवयव आत घेता येत नाहीत, संकटात लपता येत नाही. म्हणून हात आवरण्याचे काम आपले आहे. अंड्यांकडे लोभाने जाणारा हात तर आवरावाच. पण पिलाला उचलू पाहणारा मायेचा हातही वेळप्रसंगी आवरावा. देवळातील त्या दगडी कासवाला केलेले वंदन तेव्हाच खरे ठरेल.