नोटीस म्हणजे शोध नव्हे

आमच्या वाचकांपैकी व्यापारी गृहस्थ वृत्तपत्र हाती घेतल्यावर प्रथम बाजारभावाचे पान उलगडतात, व त्याच्या शेजारी छापलेल्या लिलावाच्या आणि जप्तीच्या नोटिसाही लक्षपूर्वक वाचतात. त्याच पानाच्या कोपऱ्यात कधी कधी एक लहानसा चौकोन असतो. त्यात एका मुलाचे अंधुक छायाचित्र, अंदाजे वय, अंगावरील कपड्यांचा रंग, ज्या स्थानकावर ते सापडले त्याचे नाव, आणि शेवटी एक ओळ असते की, आईबापांनी वा नातलगांनी अमुक दिवसांच्या आत यावे, न आल्यास मुलाचे कोणी नाही असे समजून पुढील व्यवस्था करण्यात येईल. या चौकोनावर वाचकाची दृष्टी क्षणभरही ठरत नाही, व ज्या माउलीसाठी तो छापलेला असतो तिच्या हाती बहुधा वृत्तपत्रच पडत नाही. अशा रीतीने ज्याने वाचावे त्याने न वाचलेली व ज्याने वाचली त्याच्या उपयोगाची नसलेली ही नोटीस सरकारी दप्तरात मात्र ‘शोध घेतला’ या सदराखाली दाखल होते. या प्रकाराविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण दोष कायद्याच्या उद्देशात नाही, ही गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ साली संमत झाला व १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. पालकांपासून तुटलेले मूल सापडल्यास चोवीस तासांच्या आत त्यास जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे हजर करावयाचे असते. समितीत एक अध्यक्ष व चार सभासद असून तीस प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. मूल आपल्या घरी परत जावे हा बालगृहाचा प्रधान हेतू होय, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय होय, असे हा कायदा स्पष्ट शब्दांत सांगतो. बेवारस म्हणून आलेल्या मुलाच्या आईबापांचा शोध घेण्याचे सर्व प्रयत्न समितीने करावे. आणि ते निष्फळ ठरल्यास मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिन्यांत, त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत, ते दत्तक देण्यास मोकळे आहे असे जाहीर करावे, असा नियम आहे. ‘सर्व प्रयत्न’ हे शब्द कायद्याचे आहेत. परंतु या दोन शब्दांच्या पोटात व्यवहारात काय काय येते, असे विचारू गेल्यास पुष्कळ ठिकाणी एक नोटीस, पोलीस ठाण्यास एक पत्र, व संकेतस्थळावर एक नोंद, याहून अधिक काही निघत नाही.

आता याच्या शेजारी दुसरा एक कायदा ठेवून पाहा. कोणा सावकाराने पाचशे रुपयांच्या वसुलीसाठी दावा लावला, तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे प्रतिवादीस समन्स प्रत्यक्ष पोचवावे लागते. बेलिफ त्याच्या दारी जातो. तो न भेटल्यास घरातील सज्ञान माणसाकडे देतो. तेही न जमल्यास दारास चिकटवितो व तसा लेखी अहवाल देतो. त्या अहवालाविषयी शंका आली तर न्यायाधीश बेलिफास शपथेवर प्रश्न विचारतो. एवढे झाल्यावरही प्रतिवादी सापडण्यासारखा नाही अशी न्यायालयाची खात्री पटली, तरच वृत्तपत्रात समन्स छापण्याची परवानगी मिळते. आणि तेही कोणत्या वृत्तपत्रात, तर प्रतिवादी शेवटी जेथे राहत होता त्या मुलुखात खपणाऱ्या! वकिली व्यवसायात हा क्रम आमच्या अंगवळणी पडला आहे. म्हणून आम्हांस असे विचारावेसे वाटते की, पाचशे रुपयांच्या ऋणकोच्या बाबतीत जी प्रसिद्धी शेवटची पायरी असते, तीच एका जिवंत लेकराच्या बाबतीत पहिली व पुष्कळदा एकुलती एक पायरी का व्हावी? सावकाराच्या पैशाहून मुलाचे आईबाप स्वस्त, असे आमच्या समाजाने कोणत्या दिवशी ठरविले?

‘हे आईबाप आहेत तरी कोठे? मूल टाकून पळालेली माणसे ती!’ असे काही सुखवस्तू लोक म्हणतात. टाकून देणारे कोणीच नसतात असे आमचे म्हणणे नाही. तथापि गैरहजर असणे आणि टाकून देणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीस जाणारे कुटुंब घ्या. दिवाळीच्या सुमारास ते बिऱ्हाड बैलगाडीत वा ट्रकात घालून कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे निघते, व गाळप संपल्यावर पाडव्याच्या आसपास परत येते. त्यांचे पोर कार्तिकात वाटेतल्या एखाद्या स्थानकावर चुकले, तर चार महिन्यांची मुदत आईबाप फडात असतानाच संपते. गावात चौकशी केली तर घरास कुलूप. फडात तर वृत्तपत्राचा कागद भाकरी बांधण्यापुरताच येतो. परंतु हेच कुटुंब सापडावयास अवघड आहे काय? मुळीच नाही. मुकादमाने त्यास उचल दिलेली असते, व ज्याने उचल दिली त्याच्या वहीत माणसाचे नाव, गाव व हल्लीचा मुक्काम ही सर्व बिनचूक लिहिलेली असतात. शोधावयास गेलेला मनुष्य त्या वहीपर्यंत गेला पाहिजे, एवढाच काय तो प्रश्न.

कोणाचा बाप तुरुंगात असतो, कोणाची आई मनोरुग्णालयात असते. ही दोन्ही ठिकाणे सरकारचीच असून तेथील नावनिशी सरकारच्याच दप्तरी असते. कोणाची आई विधवा होऊन पुनर्विवाह करते. नवे सासर पहिल्या घरच्या मुलास दारात उभे करीत नाही. मूल आजीकडे राहते, आजी मरते, आणि मूल रस्त्यावर येते. या आईस गैरहजर कोणी केले, याचे उत्तर देण्यास समितीची गरज नाही; ते प्रत्येकाने आपल्या घरच्या रूढीस विचारावे. शिवाय चौकशी होते तीही पुष्कळदा बापाच्या आडनावाच्या मागे मागे. वस्तुतः ‘नातलग’ या शब्दात कायद्याने काका व आत्या यांच्याबरोबर मामा, मावशी व दोन्हींकडील आजीआजोबा यांचा समावेश केला आहे. आमच्या घराघरांतील अनुभव असा की, बापाकडचे दार बंद झाले तरी आजोळचे दार किलकिले राहते. त्या दारावर थाप मारण्याचे श्रम मात्र कोणी घेत नाही.

शोध अपुरा राहिला म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. १९८६ साली खांडव्याचा एक पाच वर्षांचा मुलगा बऱ्हाणपूर स्थानकावर थोरल्या भावाची वाट पाहता पाहता आगगाडीत झोपी गेला व कलकत्त्यास जाऊन पोचला. आपल्या वस्तीचे ‘गणेश तलाई’ हे नाव त्यास नीट उच्चारता येईना, व त्या परमुलुखात ते कोणास ओळखता येईना. १९८७ साली तो ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर दत्तक गेला. हाच पुढे सरू ब्रायर्ली या नावाने जगास माहीत झाला. त्याने उपग्रहांवरून घेतलेल्या चित्रांत एकेक रेल्वेमार्ग व स्थानकाजवळची पाण्याची टाकी धुंडाळीत २०१२ साली आपले गाव व आई शोधून काढली. आई खांडव्यातच होती. पंचवीस वर्षांनी जे त्या मुलास एकट्यास साधले, ते त्या वेळी एवढ्या मोठ्या राज्ययंत्रास साधले नाही. दुसरे उदाहरण आपल्या नागपूरचे आहे. २०११ साली रेल्वे स्थानकावर सापडलेला एक मुलगा काही वर्षे संस्थेत व नंतर एका सहृदय कुटुंबात वाढला. २०२१ साली आधारची नोंदणी करावयास गेला असता ती वारंवार नाकारली जाऊ लागली. कारण त्याच्या बोटांचे ठसे जबलपूर येथे २०११ सालीच नोंदलेले निघाले. त्यावरून त्याचे आईबाप सापडले. ही नोंद दहा वर्षे दप्तरात होती. तिची नि मुलाची गाठ पडली ती शोधामुळे नव्हे, योगायोगाने.

नाशिक-त्र्यंबकेश्वरी जाणाऱ्या आमच्या वाचकांस हा अनुभव असेल की, तीर्थोपाध्याय आपले आडनाव व गाव विचारून वही काढतो आणि पणजोबा केव्हा आले होते, त्यांजबरोबर कोण होते, हे वाचून दाखवितो. मृतांच्या सात पिढ्यांचा पत्ता ज्या समाजाने इतक्या निगुतीने जपला, त्यास जिवंत मुलाचा मामा सापडत नाही, हे आम्हांस पटत नाही. शोधण्याची कला आमच्यात आहे. ती कोणासाठी वापरावयाची याविषयीच आमची बुद्धी कुंठित झाली आहे.

इतर देशांनी काय केले हेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत घरातून काढून घेतलेली मुले पुष्कळ वेळा परक्या कुटुंबात प्रतिपालनासाठी ठेवतात. तेथे मुलांच्या पोटगीसाठी फरारी बापांचा पत्ता काढणारे एक मध्यवर्ती खाते १९७५ च्या सुमारास निघाले. १९९७ च्या कायद्याने त्याच खात्याची माहिती मुलांच्या आप्तांच्या शोधार्थ वापरण्याची मोकळीक दिली, आणि २००८ च्या कायद्याने असे बंधन घातले की, मूल घरातून काढल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याच्या सर्व सज्ञान आप्तांचा कसून शोध घेऊन त्यांस लेखी कळवावे. जेथे घरगुती मारझोडीचा धोका आहे तेथे अपवादही ठेवला. त्या देशाची सगळीच व्यवस्था अनुकरणीय आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ‘कोणी आले तर पाहू’ आणि ‘आम्ही जाऊन कळवू’ या दोन वृत्तींतील फरक तेथील विधिमंडळास कळला, तो आम्हांसही कळण्यास हरकत नसावी.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शोध लांबला तर मूल संस्थेतच वाढेल व दत्तक जाण्याचे वय निघून जाईल. हा आक्षेप खरा आहे, व म्हणूनच आम्ही मुदत वाढवा असे म्हणत नाही. आहे त्या मुदतीत काम करा असे म्हणतो. बेपत्ता मनुष्य मेला असे मानण्यास साक्षीपुराव्याचा कायदा सात वर्षे थांबतो. मूल इतके थांबू शकत नाही हे आम्हांस मान्य आहे. पण ज्यास चारच महिने मिळाले त्याने पहिल्या दिवसापासून धावावयास हवे. दुसरा आक्षेप असा की, सापडलेले आप्त नालायक किंवा क्रूर असू शकतील. असतील; पण आप्त शोधणे म्हणजे मूल त्यांच्या पदरात टाकणे नव्हे. पत्ता लागल्यावर घर पाहावे, मुलाचे म्हणणे ऐकावे, मग समितीने निर्णय करावा. तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. जी अभागी स्त्री लोकलज्जेने मूल संस्थेच्या स्वाधीन करते, तिचा पाठलाग करावा काय? कदापि नाही. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले ते अशा स्त्रीस गुप्तपणे येता व जाता यावे म्हणूनच. आजचा कायदाही राजीखुशीने मूल सोपविणाऱ्या आईस फेरविचारासाठी दोन महिने देतो. तिची गुप्तता पाळणे आणि हरवलेल्या मुलाच्या आईस शोधणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच न्यायबुद्धीची आहेत.

तेव्हा आमच्या सूचना अशा. प्रत्येक मुलाच्या कागदपत्रांत एक शोधपत्रक असावे. कोणत्या दिवशी, कोणत्या गावी, कोणास विचारले व उत्तर काय मिळाले, हे त्यात लिहिलेले असावे. शोध करणाऱ्या अधिकाऱ्याची समितीने बेलिफासारखी शपथेवर तपासणी करावी, व केवळ नोटिशीच्या कात्रणावर कोणतेही मूल बेवारस ठरवू नये. नोटीस मुलाच्या भाषेत व मुलाच्या मुलुखात जावी, ग्रामसभेत वाचली जावी, बाजाराच्या दिवशी तिची दवंडी पिटावी. आई एका ठाण्यात मूल हरवल्याची फिर्याद देते व मूल दुसऱ्याच ठाण्यात नोंदले जाते, हा जुना अनुभव. हरवलेल्या मुलाची प्रत्येक फिर्याद दाखल करून घ्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बजावले आहे. त्या दोन नोंदी एकत्र वाचणारा मनुष्य प्रत्येक जिल्ह्यात नावानिशी नेमलेला असावा. आणि गरीब मामा-मावशी सापडली तर त्यांस रिक्त हस्ते परत पाठवू नये. महाराष्ट्र सरकारच्या बालसंगोपन योजनेतून २०२३ पासून दरमहा २२५० रुपये मंजूर आहेत, त्यांचा अर्ज त्याच दिवशी त्यांच्याकडून भरून घ्यावा.

शेवटी आमच्याविषयी. अशा नोटिसा आम्ही वृत्तपत्रवाले पैसे घेऊन छापतो व सर्वांत गैरसोयीच्या कोपऱ्यात टाकतो; हा दोष आम्ही पदरी घेतो. परंतु ज्या वाचकाची पेढी चार जिल्ह्यांत उधारी वसूल करते, ज्याचे हमाल, गाडीवान व अडत्ये गावोगाव हिंडतात, त्याच्या हाती समितीजवळ नाही इतके मोठे शोधयंत्र आहे. उद्या तो लहान चौकोन दृष्टीस पडला तर पान उलटण्यापूर्वी तेथील गावाचे नाव एकदा मोठ्याने वाचावे, आणि दुकानात त्या बाजूचा कोणी मनुष्य उभा असेल तर त्यास मुलाचे चित्र दाखवावे. एवढ्याने एखाद्या मुलाचा मामा सापडणे अगदीच अशक्य नाही.