बाबांचा चोपडा आणि माझे तास

मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मी माहेरी, दांडिया बाजारात गेले होते. आपण घरात मराठी बोलतो, पण वडोदऱ्यात इतक्या पिढ्या गेल्या की बाबाही हिशेबाच्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढतात आणि तिला ‘चोपडा’च म्हणतात. बाबा बँकेतून निवृत्त झालेत. महिन्याचा खर्च आजही वहीत लिहितात.

त्या दिवशी माझा चेहरा उतरलेला होता. मी एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काम करते. माझ्यानंतर चार वर्षांनी आलेल्या मुलाला माझ्या वरची जागा मिळाली होती. मी बाबांना म्हटलं, “मी एवढी काटकसर करते, रविवारीसुद्धा टेकत नाही. मग अडतं कुठे?”

“तुझा चोपडा दाखव,” बाबा म्हणाले.

दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवणाऱ्या माझ्याकडे स्वतःची वहीच नव्हती!

मग आम्ही दोघे मोबाईलवरची स्टेटमेंट्स उघडून बसलो. क्रेडिट कार्डावर ६०,००० रुपये थकले होते. दर महिन्याला मी ‘मिनिमम ड्यू’ भरायचे आणि वेळेवर भरले म्हणून निश्चिंत असायचे. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,१०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणखी ३७८. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आणि त्याच वेळी बँकेत माझी ७५,००० रुपयांची एफडी होती. तिचे व्याज सात टक्के, महिन्याला जेमतेम ४३७ रुपये.

बाबा हसले. “अगं, एका हाताने सात टक्के घेतेस आणि दुसऱ्या हाताने बेचाळीस टक्के देतेस. ही कसली बचत?”

एफडी मोडायला जीव होत नव्हता. ती मोडणे म्हणजे काहीतरी अशुभ, असेच वाटत होते. पण दिवाळीनंतर मोडली, मुदतीआधी मोडल्याबद्दल थोडे व्याज गेले ते जाऊ दिले आणि कार्ड कोरे केले.

पैशांचा प्रश्न एका दिवसात सुटला. वेळेचा मात्र सुटायला सहा महिने लागले.

बाबांनी मला एक आठवडा दर अर्ध्या तासाची नोंद ठेवायला सांगितली. मी ती ठेवली आणि लाजले. भाजी पाच-दहा रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून मी मांजलपूरहून आठवड्यातून दोनदा खंडेराव मार्केटला जात होते. एका फेरीत तास जायचा आणि चाळीस रुपये वाचायचे. रविवारचा दीड तास इस्त्रीत. आणि रोज रात्री जवळजवळ दोन तास मोबाईलवर, ज्यांचे मला दुसऱ्या दिवशी काहीच आठवत नसे.

मग एक साधा हिशेब केला. माझा पगार ३२,०००. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. एका तासाची किंमत साधारण १५४ रुपये. चाळीस रुपयांसाठी मी १५४ रुपयांचा तास देत होते. भाजीची फेरी आठवड्यातून एकच ठेवली. कपडे इस्त्रीवाल्याकडे द्यायला लागले, महिन्याचे साडेतीनशे रुपये. त्यात सहा तास सुटले, म्हणजे एक तास साठ रुपयांच्या आत पडला.

पण खरी चूक इथेच झाली. पहिले दोन महिने मी इस्त्रीवाल्याला पैसे दिले आणि सुटलेला वेळ मोबाईलवर घालवला. पैसाही गेला, तासही गेला. याआधी घेतलेले दोन ऑनलाइन कोर्सही तसेच न उघडलेले पडून होते. फी भरली की शिकल्यासारखे वाटते, तेवढ्यावरच आपण खूश होतो.

तिसऱ्या महिन्यात नियम केला: नवा कोर्स घ्यायचा नाही, आहे तोच पुरा करायचा. सकाळी साडेपाच ते सहा एक्सेल. फोन स्वयंपाकघरात. मुलगा उठायच्या आत अर्धा तास, त्याहून जास्त नाही. आमच्या ऑफिसात खरेदीची बिले आणि जीएसटी पोर्टलवरच्या नोंदी हाताने ताडून पाहायला दर महिन्याला तीन दिवस लागत. पॉवर क्वेरी शिकल्यावर ते काम अर्ध्या दिवसात होऊ लागले. वरची जागा अजून मिळालेली नाही, पण यंदा पगार चार हजारांनी वाढला आणि महिनाअखेरीला मी आठच्या ऐवजी सहाला घरी येते. मुलाचा गृहपाठ आता मी घेते.

आपल्या वडोदऱ्याला ही गोष्ट नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते त्यांच्याच शिष्यवृत्तीवर. शिकण्यावर घातलेला पैसा कुठवर पोचतो, हे आपल्याला दुसऱ्या गावी जाऊन पाहावे लागत नाही.

नव्याने कमवायला लागलेल्या मुलामुलींना माझ्या अनुभवावरून एवढेच सांगेन. आधी महागडे कर्ज फेडा, मग गुंतवणूक. तीन महिन्यांचा खर्च सहज काढता येईल असा बाजूला ठेवा. त्यानंतर पीपीएफ किंवा एसआयपी. पीपीएफमध्ये वर्षाला ५०० रुपयांपासून सुरुवात होते, पण मुदत १५ वर्षांची, म्हणून लवकर लागणारा पैसा तिथे नको. आणि पैसे देऊन वेळ विकत घेणार असाल, तर तो तास कशाला द्यायचा हे आधी ठरवा.

एक गोष्ट मात्र मी या हिशेबात धरत नाही. दर शनिवारी दुपारी दोन तास मी बाबांकडे जाते. चहा होतो, त्यांचा चोपडा निघतो, माझाही निघतो. या दोन तासांना बाबा १५४ रुपयांचा दर लावू देत नाहीत.