रूटलाही नकार देणारा बिट

लिनक्स आणि विजेचा हिशोब : भाग ९

एनव्हीएमई डिस्कच्या झोपेबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. मागच्या भागावर आलेल्या पत्रांमध्ये एक प्रश्न असा निघाला की त्याला दोन ओळींचं उत्तर देऊन पुढे जाणं मला पटेना.

नांदेडच्या एका वाचकांनी ऑफिसातून निघालेला छोटा पीसी विकत घेऊन घरचा सर्व्हर केला आहे. त्यात जास्तीच्या डिस्कांसाठी एक साटा कार्ड बसवलं आहे. मागच्या भागात सांगितल्याप्रमाणे त्यांनी एएसपीएमच्या, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसची लिंक रिकामी असताना तिला झोपवून वीज वाचवणाऱ्या सोयीच्या, धोरणाच्या फाइलीत 'पॉवरसेव्ह' लिहायचा प्रयत्न केला आणि मशीनने 'ऑपरेशन नॉट पर्मिटेड' असं उत्तर दिलं. ते लिहितात, "मी रूट म्हणूनच लॉगिन केलं होतं. रूटला नाही म्हणणारा आणखी कोण आहे?"

आधी एक गोष्ट वेगळी काढतो, कारण बाकीच्या बऱ्याच पत्रांतली तक्रार वरवर अशीच दिसते, पण तिचं कारण निराळं आहे. 'पर्मिशन डिनाइड' असा निरोप आला असेल, तर तो नकार शेलचा आहे. आदेशाच्या आधी सुडो लावला तरी पुढच्या 'मोठं आहे' या चिन्हाने फाइल उघडण्याचं काम तुमचाच साधा शेल करतो, आणि त्याला तो हक्क नसतो. मधे टी हा आदेश घालून त्याला सुडो लावा, काम होईल. नांदेडचा निरोप मात्र 'ऑपरेशन नॉट पर्मिटेड' असा आहे. फाइल उघडली गेली, शब्द कर्नलपर्यंत पोचला, आणि कर्नलने तो वाचून परत पाठवला. तुम्ही कोण आहात याच्याशी या नकाराचा काही संबंध नाही. या मशीनवर एएसपीएमला हात लावायचा नाही, असं कर्नलने सुरू होतानाच ठरवून टाकलेलं असतं.

हे त्याला सांगतं कोण? बायोस. मशीन चालू झालं की बायोस एसीपीआयच्या तक्त्यांचा एक गठ्ठा मेमरीत मांडून ठेवतं. त्यातल्या एफएडीटी नावाच्या तक्त्यात एक बिट असा आहे की तो १ असेल तर त्याचा अर्थ होतो : ऑपरेटिंग सिस्टिमने या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसचं एएसपीएम चालू करू नये. लिनक्स हा बिट वाचतं आणि डीमेसेजमध्ये एक ओळ टाकतं : एफएडीटीच्या म्हणण्यानुसार ही सिस्टिम एएसपीएमला आधार देत नाही, म्हणून ते बंद करत आहोत. नांदेडच्या वाचकांना डीमेसेज तपासायला सांगितलं. ओळ होती.

आता गंमत अशी की ही ओळ पूर्ण खरी नाही, आणि ती तशी का राहिली याची गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत आवडती गोष्ट वाटते.

२०११च्या मार्चमध्ये लिनक्सचं २.६.३८ हे कर्नल आलं. उबुंटू ११.०४ त्याच्यावरच निघालं. थोड्याच दिवसांत लॅपटॉपवाल्यांची ओरड सुरू झाली की बॅटरी पूर्वीइतकी टिकत नाही. फोरॉनिक्सचे मायकेल लाराबेल यांनी चिकाटीने कर्नलची एकेक आवृत्ती बांधून, प्रत्येकीवर वीज मोजून, जूनपर्यंत दोषाचं मूळ शोधून काढलं. ते निघालं एएसपीएममध्ये. बदल केला होता मॅथ्यू गॅरेट यांनी, आणि त्यामागचा विचार अगदी सरळ होता. त्याआधी एफएडीटीने 'नको' म्हटलं की कर्नल एएसपीएमच्या रजिस्टरांकडे फिरकतच नसे. पण बायोस तोंडाने 'नको' म्हणतं आणि स्वतःच काही कार्डांवर ते चालू करून ठेवतं, अशी मशिनं होती, आणि त्यातून अडचणी येऊ शकत होत्या. म्हणून नव्या कर्नलने ठरवलं, की बायोस 'नको' म्हणत असेल तर जिथे जिथे चालू दिसेल तिथे ते पुसून टाकायचं. तर्काला कुठेही खोट नव्हती. फक्त असंख्य लॅपटॉपांमध्ये बायोसने व्यवस्थित लावून दिलेली बचत त्या एका फटक्यात साफ झाली.

त्या वर्षी सगळीकडे एकच इलाज फिरत होता. ग्रबच्या ओळीत 'पीसीआयई एएसपीएम बरोबर फोर्स' घाला. बऱ्याच जणांना त्याचा गुण आला. काहींची मशिनं मात्र गोठायला लागली, कारण फोर्स म्हणजे बायोसचं म्हणणं धुडकावून लावायचं, आणि काही बोर्डांवर बायोसचं म्हणणं बरोबर असतं.

खरा उलगडा पुन्हा गॅरेट यांनीच केला. विंडोजला व्हिस्टापासून एएसपीएम येतं. बोर्ड बनवणारे आपला बायोस विंडोजवर चालवून बघतात, म्हणून त्या बिटाचा व्यवहारातला अर्थ विंडोज त्याच्याशी कसं वागतं यावरून ठरतो. विंडोज तो बिट दिसला की नव्याने काही चालू करत नाही, आणि बायोसने जे लावून ठेवलं आहे त्यालाही हात लावत नाही. म्हणजे बायोस म्हणत होतं, 'माझं मी लावलं आहे, तू ढवळाढवळ करू नकोस.' लिनक्सने त्याचा अर्थ घेतला, 'सगळं बंद कर.' गॅरेट यांनी तो भाग नव्याने लिहिला आणि २०१२च्या मार्चमध्ये आलेल्या ३.३ कर्नलमध्ये तो दाखल झाला. तेव्हापासून तो बिट १ असेल तर लिनक्स गप्प बसतं, बायोसची मांडणी तशीच ठेवतं. डीमेसेजमधल्या ओळीचे शब्द मात्र जुनेच राहिले.

तेव्हा नांदेडच्या पत्राला पहिलं उत्तर हे, की ती ओळ दिसली म्हणून एएसपीएम बंद आहे असं समजू नका. प्रत्यक्ष काय आहे ते एलएसपीसीआयलाच विचारा. रूट होऊन, दोन व्ही लावून. प्रत्येक उपकरणाखाली दोन ओळी शोधा. 'लिंक कॅप'ची ओळ त्या उपकरणाला काय जमतं ते सांगते. 'लिंक कंट्रोल'ची ओळ आत्ता काय चालू आहे ते सांगते. रूट न होता हा आदेश दिलात तर त्या ओळींच्या जागी 'अॅक्सेस डिनाइड' येतं, आणि कार्डातच ती सोय नाही असा गैरसमज होतो.

त्यांनी पाठवलेल्या मजकुरात मुख्य एनव्हीएमई डिस्कची लिंक 'एल१ एनेबल्ड' होती. डिस्कच्या बाजूनेही, रूट पोर्टच्या बाजूनेही. बायोसने आपलं काम केलं होतं. बंद होती ती एकच लिंक, साटा कार्डाची. आणि तिची दोन्ही टोकं 'लिंक कॅप'मध्ये एल१ जमतं असं सांगत होती.

इथे दोन्ही टोकं बघायचा आग्रह मी का धरतो, ते सांगायला हवं. पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्येक कार्ड आणि त्याच्या वरचा पोर्ट यांच्यात स्वतंत्र लिंक असते. एल०एसमध्ये एका दिशेची तार विसावते, दुसरी चालू राहू शकते. त्यातून वाचतं थोडंच. एल१मध्ये दोन्ही दिशा एकदम शांत होतात, आणि त्यासाठी संमती लागते. कार्ड वरच्या पोर्टाकडे विनंती पाठवतं, पोर्ट हातातलं काम आटोपून होकार देतो, मग लिंक झोपते. एका टोकाला एल१ चालू नसेल तर ही बोलणी पुरी होत नाहीत. म्हणूनच नियमावलीत क्रमही ठरवून दिला आहे : एल१ चालू करताना आधी वरचा पोर्ट, मग कार्ड. बंद करताना आधी कार्ड, मग पोर्ट.

अथेरॉसच्या वायफाय ड्रायव्हरांवर काम केलेले लुइस रॉड्रिग्ज यांनी याच कामासाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. ती अजूनही लोक वापरतात. ती सुरुवातीलाच दोन पत्ते मागते, एक वरच्या पोर्टाचा आणि एक कार्डाचा. अनेक जण कार्डाचा पत्ता भरतात आणि पोर्टाचा तिथे नमुन्याला दिलेला तसाच ठेवतात. मग दुसऱ्याच कुठल्या पोर्टावर बिट लिहिले जातात आणि 'काही फरक पडला नाही' अशी तक्रार येते. एलएसपीसीआयला टी लावलात की झाडासारखी आकृती येते. तुमचं कार्ड कोणत्या पोर्टाखाली लोंबतं ते तिच्यात बघा आणि मगच पत्ता भरा.

स्क्रिप्टशिवायही हे हाताने करता येतं, सेटपीसीआय या आदेशाने. तो आणि एलएसपीसीआय दोन्ही मार्टिन मारेश यांच्या पीसीआययूटिल्स संचातले. पीसीआय एक्सप्रेसच्या माहितीचा कप्पा जिथे सुरू होतो, तिथून सोळा बाइट पुढे लिंक कंट्रोल रजिस्टर आहे. सेटपीसीआयला हे अंतर सोळाच्या पायात, म्हणजे '१०' असं सांगावं लागतं. त्याच्या अगदी खालच्या दोन बिटांत एएसपीएम राहतं : ० म्हणजे बंद, १ म्हणजे एल०एस, २ म्हणजे एल१, ३ म्हणजे दोन्ही.

पण त्याच बाइटमध्ये शेजारीपाजारीही राहतात, आणि ते गरीब नाहीत. चौथ्या क्रमांकाचा बिट अख्खी लिंकच बंद करतो. पाचवा लिंकची जुळणी नव्याने करायला लावतो. सहावा दोन्ही टोकं एकच घड्याळ वापरतात की नाही ते सांगतो. पूर्ण बाइट आपल्या मनाने लिहिलात तर यांतलं काहीही हलू शकतं, आणि ज्या कार्डावर डिस्का आहेत त्याची लिंक चालू मशिनीत तुटणं ही साधी गोष्ट नाही. म्हणून किमतीनंतर कोलन देऊन मुखवटा द्यायचा : '२', कोलन, '३'. याचा अर्थ, फक्त खालच्या दोन बिटांना हात लाव आणि तिथे २ लिही. बाकीचे जागच्या जागी राहतात. हा मुखवटा न देता सेटपीसीआय वापरण्याचा सल्ला कुणी देत असेल तर तो ऐकू नका.

आणखी एक पडताळा तुमच्यावर येतो. धोरणाच्या फाइलीतून एएसपीएम लावलं असतं तर कर्नलने स्वतः हिशोब केला असता, की झोपलेल्या लिंकला उठायला किती वेळ लागतो आणि तेवढा वेळ कार्ड थांबू शकतं का. सेटपीसीआय हा हिशोब करत नाही. सांगितलं ते लिहितो. 'लिंक कॅप'मध्ये 'एक्झिट लेटन्सी' दिलेली असते. दोन्ही टोकांची बघा आणि मोठी धरा. 'डेव्ह कॅप'मध्ये 'लेटन्सी' या शब्दापुढे कार्ड किती सहन करतं ते असतं. नांदेडच्या कार्डाला उठायला १६ मायक्रोसेकंदांहून कमी वेळ लागतो आणि ते ६४ मायक्रोसेकंदांपर्यंत थांबू शकतं. भरपूर वाव आहे.

एवढा खटाटोप एका कार्डासाठी का, असं वाटेल. कारण नुकसान त्या कार्डापुरतं राहत नाही. पॉवरटॉपमध्ये प्रोसेसरच्या पॅकेजच्या झोपेच्या पायऱ्या दिसतात हे तुम्ही तिसऱ्या भागापासून बघत आहात. एखादी लिंक सतत जागी असेल तर पॅकेज वरच्याच एखाद्या पायरीवर अडकून बसतं, बाकी सगळी मंडळी झोपली असली तरी. दिवसरात्र चालणाऱ्या सर्व्हरवर ५ वॅट वाचले तर वर्षाला जवळजवळ ४४ युनिट होतात. तेव्हा बिट लिहिल्यावर पॉवरटॉपमध्ये पॅकेजचा रकाना आधीपेक्षा खाली उतरतो का, ते बघा. तो उतरला नाही तर 'एल१ एनेबल्ड' या दोन शब्दांचा तुमच्या बिलाला काही उपयोग नाही, आणि अडवणारा दुसराच कुणी आहे.

मग निदान आठवडाभर डीमेसेजवर लक्ष ठेवा. 'करेक्टेड एरर', 'बॅड टीएलपी', 'रिप्ले टायमर टाइमआउट' असे निरोप त्या कार्डाच्या नावाने यायला लागले तर ती लिंक एल१ला राजी नाही. आधी कार्डावर, मग पोर्टावर ० लिहा आणि विषय सोडून द्या. अशी उपकरणं आहेत. इंटेलच्या ८२५७४एल या नेटवर्क चिपसाठी खुद्द लिनक्सचा ड्रायव्हरच एएसपीएम बंद करतो, आणि त्याला तसं कारण आहे. ड्रायव्हरने बंद केलेलं एएसपीएम हाताने चालू करायला जाऊ नका. ज्यांनी तो ड्रायव्हर लिहिला त्यांनी त्या चिपचे दोष पाहिलेले असतात. सेटपीसीआयने लिहिलेलं मशीन पुन्हा सुरू झालं की पुसलं जातं. म्हणून आठवडा नीट गेल्याशिवाय ते सिस्टिमडीच्या सेवेत कायमचं घालू नका.

नांदेडच्या मशिनीवर दोन्ही टोकांना एल१ लागलं आहे आणि पॅकेज खाली उतरतं आहे. त्रुटींचा निरोप अजून आलेला नाही. बॅकअपच्या रात्री काय होतं ते ते कळवणार आहेत.

शेवटी एक विनंती, विशेषतः जुन्या वाचकांना. २०११च्या त्या गोंधळात ग्रबमध्ये घातलेला 'फोर्स' पुष्कळांच्या मशिनीत अजून तसाच असेल. एका इन्स्टॉलेशनमधून दुसऱ्यात ग्रबची ओळ जशीच्या तशी नेण्याची आपल्याला सवय असते. ज्या दुखण्यासाठी तो घातला ते ३.३ कर्नलपासून राहिलेलं नाही. आज ती ओळ उघडा, तो शब्द काढा, मशीन पुन्हा सुरू करा आणि एलएसपीसीआयमध्ये काय दिसतं ते मला लिहून पाठवा. एनव्हीएमई पुढच्या आठवड्यात.